युनिटीतलं पॅरिस खरं किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता मी काही मंडळींना घेऊन कसब्यापासून शनिवारवाड्यापर्यंत चालते. हेरिटेज वॉक म्हणा हवं तर. त्यात बारा-पंधरा वर्षांची मुलंही असतात, बहुतेक आईबाबांनी झोपेतून ओढून आणलेली. दिल्ली दरवाजाच्या खिळ्यांपाशी पोचलो की त्यांतलं एखादं हमखास जागं होतं आणि विचारतं, "काकू, या भिंतीवर चढता येईल का, असॅसिन्स क्रीडसारखं?" पहिल्यांदा मला प्रश्नच कळला नव्हता. मग कोथरूडला भाच्याकडे दिवाळीची सुट्टी काढली, त्याच्याकडून बटणं शिकून घेतली, गेममधल्या पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चवरून अकरा वेळा पडून मेले आणि एकदाची वर पोचले. तेव्हापासून वॉकमध्ये निम्मे प्रश्न पेशव्यांचे आणि निम्मे फ्रान्सचे असतात. चहाच्या टपरीवर उभं राहून तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते.

कोणत्या गेमबद्दल चाललंय हे?

'असॅसिन्स क्रीड: युनिटी'. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा, नोव्हेंबर २०१४ मध्ये आलेला. मालिकेतले आधीचे गेम दमास्कस, जेरुसलेम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, इस्तंबूल असं फिरून आले होते. युनिटी फ्रेंच राज्यक्रांतीच्या पॅरिसमध्ये घडतो, मुख्यतः १७८९ ते १७९४ या काळात. नायक आर्नो आणि त्याची एलीझ ही दोघंही काल्पनिक. मालिकेची चौकट सगळीकडे एकच आहे: असॅसिन नावाचा एक गुप्त पंथ, टेम्प्लर नावाचा दुसरा, आणि इतिहासातली प्रत्येक मोठी घटना म्हणजे या दोघांच्या भांडणात उडालेला धुरळा. मालिकेतले गेम सुरू होताना पाटी येते की ऐतिहासिक घटनांवरून सुचलेली ही काल्पनिक कलाकृती आहे. पुण्यात पाटी वाचल्याशिवाय कुणी पुढे जात नाही, पण खेळणारी मुलं ती बटण दाबून उडवतात. पुढचे सगळे प्रश्न तिथूनच सुरू होतात.

नोत्र-दामचा मनोरा चुकीचा आहे म्हणतात. खरं का?

खरं आहे. मधला उंच, टोकदार मनोरा त्या काळात तिथे नव्हता.

मध्ययुगातला मूळ मनोरा वाऱ्यापावसाने खिळखिळा झाला होता, म्हणून अठराव्या शतकाच्या शेवटी, क्रांतीच्या आगेमागे, तो उतरवला गेला. गेममध्ये दिसतो तो व्हिऑले-ल-द्युक या वास्तुविशारदाने एकोणिसाव्या शतकात नव्याने उभारलेला. १८५९ मध्ये तो पुरा झाला. म्हणजे आर्नो ज्या टोकाला लटकतो ते टोक त्याच्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी बांधलं गेलं. वरच्या गच्चीवरून शहराकडे बघत बसलेले ते राक्षसी प्राणी, ज्यांची चित्रं फ्रिजवरच्या चुंबकांवर असतात, तेही बरेचसे याच गृहस्थांचे.

करणाऱ्यांना हे माहीत नव्हतं असं समजू नका. लोकांच्या डोक्यात नोत्र-दाम म्हणजे मनोऱ्यासकट, त्याशिवायचं दाखवलं तर त्यांना तेच चुकीचं वाटेल, असा त्यांचा सरळ हिशेब होता. मला हा हिशेब पटतो. आपल्याकडे कुणी पेशवाईतल्या पुण्यावर मालिका काढली आणि सगळ्या वाड्यांवर मंगलोरी कौलं घातली, तर किती जण पत्र लिहितील? ती चपटी, खाचेची कौलं मंगलोरच्या बासेल मिशनच्या कारखान्यात १८६५ च्या सुमारास व्हायला लागली. नानासाहेबांच्या काळात छपरावर नळीची कौलं असायची, कुंभाराने चाकावर केलेली, दर पावसाळ्याआधी चाळून घ्यावी लागणारी. त्यांच्यावरून धावायचं म्हटलं तर तिसऱ्या पावलाला माजघरात. पण 'जुनं पुणं' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मंगलोरी कौलंच येतात. दगडविटांच्या अशा चुका मी माफ करते. त्या पकडता येतात आणि पकडताना माणूस चार गोष्टी शिकतो.

२०१९ ला आग लागली, तेव्हा चर्च या गेमवरूनच पुन्हा बांधलं ना?

नाही. ही अफवा माझ्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही फिरली होती.

१५ एप्रिल २०१९ ला आग लागली, छप्पर आणि तोच मनोरा कोसळला. युबिसॉफ्टने पाच लाख युरो देणगी दिली आणि आठवडाभर हा गेम संगणकासाठी फुकट वाटला. एवढं खरं. गेममधलं चर्च करायला एका कलाकाराने वर्षाहून जास्त काळ घालवला होता हेही खरं. पण ते डोळ्यांना दिसण्यासाठी केलेलं रूप आहे. वाशाला वासा कसा बसवला होता, कोणता दगड किती झुकला होता, हे त्यातून कळत नाही. त्या कामी आलं ते अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकाराने आगीच्या काही वर्षं आधी केलेलं लेझर मोजमाप आणि जुन्या दुरुस्त्यांचे आराखडे. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडलं, आणि मनोरा बसवला तो व्हिऑले-ल-द्युकच्या धर्तीचाच. म्हणजे गेममधली चूक आता दुसऱ्यांदा खरी झाली आहे.

बॅस्टिलमध्ये खरंच एवढे कैदी होते?

सात. १४ जुलै १७८९ ला जमावाने या तुरुंग-किल्ल्याचे दरवाजे उघडले तेव्हा आत सातच माणसं निघाली: बनावट कागद करणारे चौघे, वेड लागलेले दोघे आणि घरच्यांनीच डांबून ठेवलेला एक उमराव. मार्की द साद हा बदनाम लेखकही तिथेच होता, पण दहा दिवस आधी त्याला हलवलं गेलं. गेममध्ये त्या दिवशी आर्नो आत असतो आणि त्याला तलवारबाजी शिकवणारा बेलेकही, म्हणजे कमीत कमी नऊ धरायचे.

लोक कैदी सोडवायला गेलेच नव्हते. त्यांना दारू हवी होती, बंदुकीची. सकाळी ॲंव्हालीद या जुन्या सैनिकांच्या आश्रमातून हजारो बंदुका उचलल्या होत्या, पण ठासायला काही नव्हतं, आणि दारूची पिंपं बॅस्टिलमध्ये ठेवलेली. पाठ्यपुस्तकात 'जुलमी राजसत्तेचं प्रतीक' एवढं एक वाक्य असतं, त्यात ही पिंपं कुठे दिसत नाहीत. हल्ला करणाऱ्यांतले शंभराच्या आसपास लोक मेले आणि किल्लेदार द लोने याचं डोकं भाल्यावर मिरवलं गेलं.

रस्ते आणि अंतरं बरोबर आहेत का?

मोठ्या इमारती जवळजवळ खऱ्या मापाच्या, मधलं शहर आवळलेलं. गल्ल्या गाळल्यात, वस्त्या एकमेकींत घुसवल्यात. कसबा, शनिवार, नारायण आणि सदाशिव एका चौकात आणून ठेवावेत तसं. तरी एक गोष्ट त्यांनी झकास साधली आहे, ती म्हणजे गर्दी. सहा लाखांच्या आसपास वस्तीचं ते शहर अंगावर येतं. चिखल, धूर, भाषणं देणारे, टाळ्या पिटणारे, हाणामाऱ्या करणारे. इतिहासाचं कुठलंही पुस्तक वाचून मला गर्दीची अशी धास्ती वाटली नव्हती. आला तेव्हा याच गर्दीपायी गेम अडखळायचा, चेहरे गायब होऊन नुसते डोळे-दात हवेत तरंगायचे आणि कंपनीला जाहीर माफी मागावी लागली, हेही भाच्याने मला अभिमानाने दाखवलंय.

गेममधली खरी माणसं कोण, आणि ती खरंच तशी मेली का?

माझा आवडता प्रश्न. तीन उदाहरणं देते.

मिराबो. गेममध्ये तो असॅसिनांचा प्रमुख, आणि बेलेक त्याला विष देतो. खरा मिराबो म्हणजे देवीच्या व्रणांनी भरलेल्या चेहऱ्याचा, कर्जबाजारी, पण सभा गाजवणारा वक्ता. २ एप्रिल १७९१ ला तो आजाराने गेला. विषप्रयोगाची कुजबुज त्या वेळीही झाली होती, म्हणजे गेमवाल्यांनी ती आकाशातून आणलेली नाही. पाँतेऑं या राष्ट्रीय स्मारकात सर्वांत आधी त्यालाच पुरलं. पुढच्या वर्षी राजवाड्यातल्या लोखंडी कपाटात कागद सापडले आणि कळलं की हा क्रांतीचा सिंह राजाकडून पैसे घेत होता! मग त्याला तिथून बाहेर काढलं. कपाटातला हा तपशील कुठल्याही विषापेक्षा रंगतदार, पण तो मागे पडतो आणि विष पुढे येतं.

ल पेल्तिए. हा उमराव राजाला मृत्युदंड द्यावा या बाजूने मत देतो आणि २० जानेवारी १७९३ च्या संध्याकाळी पाले-रोयालमधल्या खानावळीत भोसकला जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी राजाचा शिरच्छेद. गेममध्ये त्याला आर्नो मारतो. प्रत्यक्षात मारणारा राजाच्या रक्षकदलात पूर्वी असलेला पारिस नावाचा माणूस. जागा तीच, तारीख तीच, फक्त सुरा धरणारा हात बदललेला. मालिकेची सगळी कारागिरी या एका दृश्यात कळते: सनावळी जशीच्या तशी ठेवायची आणि तिच्या फटींत आपली माणसं सरकवायची. बखरकार यापेक्षा वेगळं काय करत?

रोबेस्पिअर. क्रांतीच्या दहशतीच्या काळातला बडा नेता. गेममध्ये परमेश्वरी शक्तीच्या उत्सवात, ८ जून १७९४ ला, आर्नो आणि एलीझ त्याला गुंगीचं काहीतरी पाजतात आणि तो बरळतो. पुढे एलीझ त्याच्या जबड्यावर गोळी झाडते. उत्सव खरा, जबड्यातली गोळीही खरी. ती एका शिपायाने झाडली की त्याने स्वतःच, यावर अजून वाद आहे. २८ जुलैला तो गिलोटिनखाली गेला.

आणि हो, मारा या पत्रकाराचा शार्लोत कोर्देने स्नानाच्या टबात केलेला खून, १३ जुलै १७९३ चा, तोही गेममध्ये तपासाचं कोडं म्हणून आहे. तो बराच प्रामाणिक वाटला.

टेम्प्लरांनी राज्यक्रांती घडवली, यात थोडंतरी तथ्य आहे का?

नाही. टेम्प्लर हा पंथ १३१२ मध्येच बरखास्त झाला आणि त्याचा शेवटचा प्रमुख जाक द मोले १३१४ मध्ये पॅरिसला जाळला गेला. त्यानंतर साडेचारशे वर्षांनी पॅरिसच्या बाजारात पावाचा भाव कोणी वाढवला याचा त्याच्याशी संबंध नाही.

पण ही कल्पना गेमवाल्यांनी काढली असंही नाही. १७९७ मध्ये बारुएल नावाच्या एका पाद्र्याने खंडामागून खंड लिहून हेच मांडलं होतं की क्रांती म्हणजे गुप्त मंडळ्यांचा कट, आणि त्याची मुळं टेम्प्लरांपर्यंत जातात. राजवट कोसळली की कोसळलेल्यांना कारण हवं असतं, आणि तिजोरी रिकामी होती हे कारण फार मिळमिळीत वाटतं. योगायोग मात्र असा की सोळाव्या लुईला ऑगस्ट १७९२ पासून ज्या बुरुजात कोंडलं, तो टेम्प्लरांनीच बांधलेला होता. अफवा पिकायला आणखी काय लागतं?

इथे आपणही फार टेचात राहू नये. ३० ऑगस्ट १७७३ ला, गणपतीच्या दिवसांत, नारायणराव पेशव्यांना शनिवारवाड्यात गारद्यांनी मारलं. थकलेला पगार मागत ते आत घुसले होते. पण वॉकमध्ये कुणालाही विचारा, खुनाचं कारण काय? उत्तर एकच: आनंदीबाईने 'ध' चा 'मा' केला. 'धरावे' चं 'मारावे'. एक बाई, एक चिठ्ठी, एक अक्षर. इतिहासकार ती आख्यायिका मानतात, तरी दरवर्षी तीच सांगितली जाते, कारण तीत चेहरा आहे. गारद्यांच्या थकबाकीला चेहरा नाही, वारसाहक्काच्या भांडणाला आणि दरबारातल्या गटबाजीलाही नाही. एका हाताने एका रात्रीत सगळं फिरवलं ही गोष्ट पॅरिसमध्ये चालते, पेठेतही चालते. मनोरा मी माफ केला; हे करत नाही. मनोरा चुकला तर इमारत चुकते. कारण चुकलं की पोराला वाटायला लागतं, जगात जे काही होतं ते कुठल्यातरी बंद खोलीत आधी ठरलेलंच असतं.

मग गेममध्ये नेमकं काय नाही?

पाव आहे, पावाचा भाव नाही.

१३ जुलै १७८८ ला, बॅस्टिलच्या बरोबर वर्षभर आधी, उत्तर फ्रान्सवर गारांचा भयंकर मारा झाला आणि उभी पिकं झोपली. पाठोपाठ कडाक्याची थंडी, नद्या गोठल्या, पिठाच्या चक्क्या थांबल्या. १७८९ च्या सुरुवातीला पॅरिसमध्ये चार पौंडांचा पाव साडेचौदा सूपर्यंत गेला (सू हे तिथलं छोटं नाणं). मजुराची रोजची कमाई वीस ते तीस सू. घरात चार तोंडं असतील तर असा एक पाव दिवसभर पुरत नाही. त्यातच अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला मदत करून सरकार कर्जात बुडालेलं, उमराव आणि धर्मगुरू बहुतेक करांतून सुटलेले, आणि राजाला नवे कर लावायला सभा बोलवावी लागली. ती भरली ५ मे १७८९ ला.

५ ऑक्टोबरला बाजारातल्या बायका, कोळणी आणि भाजीवाल्या धरून, पावसात वीसेक किलोमीटर चालत व्हर्सायला गेल्या आणि राजाला कुटुंबासकट पॅरिसला घेऊन आल्या. गेममध्ये हा मोर्चा आहे, पण मित्रांबरोबर खेळायच्या एका मोहिमेपुरता. मंडईत ज्यांनी कोथिंबिरीच्या जुडीवरून वाद घातलाय त्यांना त्या बायका चटकन कळतील. मला तर अख्खा गेम त्यांच्यावर हवा होता.

फ्रान्समध्ये यावर राजकीय वाद झाला होता का?

झाला. डावे नेते जाँ-ल्युक मेलाँशाँ यांनी गेम आला तेव्हाच आरोप केला की यात रोबेस्पिअरला राक्षस केलंय, राजा-राणीला बिचारं केलंय आणि क्रांती करणाऱ्या जनतेला रक्तपिपासू जमाव. उलट बाजूने सांगितलं गेलं की अहो, गेम आहे. लॉराँ त्युरको आणि जाँ-क्लेमाँ मार्ताँ या इतिहासकारांचा सल्लाही घेतला होता.

मेलाँशाँ मला अर्धे पटतात. दहशतीच्या काळात, म्हणजे १७९३-९४ ला, एकट्या पॅरिसच्या न्यायासनाने अडीच हजारांहून जास्त माणसं गिलोटिनखाली पाठवली, हे काही कुणी रचलेलं नाही. पण रोबेस्पिअर कारभार चालवणाऱ्या बारा जणांच्या समितीतला एक होता. त्यानेच १७९१ मध्ये देहदंड रद्द करा म्हणून भाषण केलं होतं. ज्या सभेने ती दहशत चालवली तिनेच फेब्रुवारी १७९४ मध्ये फ्रेंच वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली. अशा माणसाचं आणि अशा सभेचं काय करायचं, हा अवघड प्रश्न आहे. टेम्प्लर म्हटलं की तो सुटतो.

पॅरिसखाली खरंच एवढी भुयारं आहेत?

आहेत, आणि आपल्या भुयारांपेक्षा जास्त खात्रीची. शहर ज्या चुनखडीने बांधलं ती शहराखालूनच काढलेली. १७७४ मध्ये एक रस्ताच खचला, मग १७७७ पासून खाणी तपासायला सरकारी खातं नेमलं. पुढे दफनभूमी भरून वाहायला लागल्या, तेव्हा १७८६ च्या सुमाराला हाडं काढून रात्री गाड्यांतून, पाद्र्यांच्या मंत्रांसह, या खाणींत नेऊन रचली. साठ लाख माणसांची हाडं तिथे आहेत असं सांगतात.

पुण्यात प्रत्येक वाड्यातून पर्वतीला भुयार जातं, आणि ते 'लहानपणी आमच्या आजोबांनी पाहिलेलं' असतं. प्रत्यक्षात पुण्याखाली जे आहे ते पाण्याचं: नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून १७५० च्या सुमारास शहरात आणलेला बंदिस्त नळ. माणूस उभा राहील एवढा उंच, मध्ये मध्ये हवेसाठी उच्छ्वास, आणि शेवटी पेठांतले हौद.

आयफेल टॉवर दिसतो तो कसा काय?

मधेच काळ फाटतो आणि आर्नो दुसऱ्या शतकांत जाऊन पडतो, तिथे. नाझींनी व्यापलेल्या पॅरिसमध्ये तो टॉवरवर चढतो. टॉवर १८८९ चा, क्रांतीच्या शताब्दीचा. कथेने स्वतःच पळवाट काढलीय, त्यामुळे ही चूक धरता येत नाही. दोन-तीन जणांनी माझ्याशी पैज लावली होती. हरले.

फ्रेंच माणसं ब्रिटिश इंग्रजीत का बोलतात?

सगळ्यांनाच खटकलं. हिंदी मालिकांतले पेशवे जसे बोलतात, तसंच समजा. सेटिंगमध्ये जाऊन फ्रेंच आवाज लावा. अकरावीला मार्क मिळतात म्हणून फ्रेंच घेतलेल्या पुणेरी मुलांना त्याचा प्रथमच काही उपयोग होईल.

मुलाला खेळू द्यावा का? तो सातवीत आहे.

नाही, ताई. युरोपात याला अठरा वर्षांवरचा दर्जा आहे, अमेरिकेत सतरावरचा. माझ्या मते तो बरोबर आहे, गळे चिरण्याची दृश्यं फार जवळून आहेत. मालिकेतल्या पुढच्या काही गेमना 'डिस्कव्हरी टूर' नावाचा मारामारीविना फिरायचा प्रकार जोडलाय: टॉलेमींच्या काळातला इजिप्त, प्राचीन ग्रीस, व्हायकिंगांचा काळ. ते सातवीतल्याला खुशाल द्या, स्वतःही शेजारी बसा. युनिटीला असा प्रकार नाही, ही माझी मोठी हळहळ.

इतिहासाच्या पेपरात गेममधलं लिहिलं तर चालेल?

एका मुलाने लिहिलं होतं. बाईंनी शून्य दिलं आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलं.

त्याच वेळी पुण्यात काय चाललं होतं?

हा प्रश्न कमी जण विचारतात, म्हणून मीच वारंवार विचारते.

सवाई माधवराव गादीवर, कारभार नाना फडणवीसांच्या हातात. दख्खनमध्ये १७९१-९२ ला मोठा दुष्काळ. ऑगस्ट १७९१ मध्ये पुण्याचा कोतवाल घाशीराम याच्या कोठडीत कोंडलेले तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, लोक खवळले आणि घाशीरामाला शहराबाहेर दगडांनी ठेचून मारलं गेलं. बॅस्टिलच्या किल्लेदारानंतर दोनच वर्षांनी. तिथे त्यातून राज्य उलटलं. इथे नवा कोतवाल आला.

१७९२ मध्ये महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यात आले. त्यांच्या कवायती फौजेचा सेनापती द ब्वान्य हा फ्रान्सच्या सीमेवरच्या साव्हॉयचा. १२ फेब्रुवारी १७९४ ला महादजी वानवडीला वारले, तेव्हा पॅरिसमध्ये गिलोटिन पुऱ्या वेगात होतं. पुढच्या वर्षी, मार्च १७९५ मध्ये, खर्ड्याची लढाई झाली. शिंद्यांच्या पलटणी पेराँ या फ्रेंचाच्या हाताखाली, निजामाच्या पलटणी रेमाँ या फ्रेंचाच्या. मराठवाड्याच्या सीमेवर दोन फ्रेंच समोरासमोर. गेम लिहिणाऱ्यांनी कधी इकडे बघितलं असतं तर!

मग पुण्यावर असा गेम का नाही?

मालिकेत भारत एकदाच नीट आलाय: जानेवारी २०१६ मधला 'क्रॉनिकल्स: इंडिया', १८४१ च्या शीख राज्यात, अमृतसरला. छोटा, आडव्या पट्टीत धावायचा गेम. दुसऱ्या एका मालिकेत, 'अनचार्टेड' च्या २०१७ च्या भागात, होयसळांची शहरं पश्चिम घाटाच्या रानात हरवलेली दाखवलीत. होयसळांच्या खऱ्या बेलूर-हळेबीडला हसनहून बस जाते, पण असो.

कारागिरांची अडचण नाही. युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून पुण्यातच आहे. 'राजी' हा २०२० मध्ये आलेला, पुराणकथांवर बेतलेला गेम पुण्यातल्याच एका छोट्या चमूने केला आणि जगभर खेळला गेला. अडचण आहे ती चित्राची. पॅरिसचे नकाशे, तैलचित्रं, गल्ल्यांची रेखाटनं ढिगाने आहेत. शनिवारवाड्याचं काय? १० जानेवारी १७३० ला पायाभरणी, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत, खर्च १६,११० रुपये, इतका चोख हिशेब आहे आपल्याकडे. पण १८२८ च्या आगीत लाकडी इमला खाक झाला आणि उरला तट, दरवाजे, जोती. आतले मजले कसे होते हे मोडी कागदांतून, ब्रिटिश वकील मॅलेटच्या वेळी पुण्यात आलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराच्या कामातून आणि गंगाराम तांबट या आपल्या चित्रकाराच्या रेखाटनांतून जुळवावं लागेल. समोरचा लाल महाल तर महापालिकेने गेल्या शतकात बांधलाय, त्यावर चढलात तर तीच मनोऱ्याची चूक.

केलाच कुणी, तर माझ्या दोन अटी. ढोल-ताशा पथक घालू नका, सार्वजनिक गणेशोत्सव १८९० च्या दशकातला आहे. आणि आनंदीबाईच्या हातात लेखणी देऊ नका.

पॅरिसला चाललोय. गेममधलं काय बघू?

बॅस्टिल शोधू नका, दुसऱ्याच दिवसापासून तो पाडायला घेतला होता. आता तिथे चौक आहे. फरसबंदीत वेगळ्या दगडांनी त्याची बाह्यरेषा आखलीय, गाड्या तिच्यावरून जातात. खाली मेट्रोच्या पाच नंबरच्या मार्गाच्या फलाटावर पायाच्या दगडांचा एक तुकडा दिसतो. शनिवारवाड्यातली जोती पाहिलेल्या माणसाला तो लगेच ओळखू येईल.

नोत्र-दामला जाल तर समोरून पुतळ्यांची रांग बघा, दरवाजांच्या वर. बायबलमधले यहुदाचे अठ्ठावीस राजे. १७९३ मध्ये लोकांना वाटलं हे फ्रान्सचेच राजे, म्हणून त्यांची मुंडकी उडवली. आता वर आहेत ते नंतर केलेले. मूळ डोक्यांपैकी एकवीस १९७७ मध्ये एका बँकेच्या आवाराखाली खोदकामात सापडली. नदी ओलांडून दहा मिनिटं चाललात की क्ल्युनी संग्रहालय, तिथे ती मांडून ठेवली आहेत. बहुतेकांची नाकं गेलीत. एकाच्या गालावर अजून रंग आहे असं मला वाटलं, जवळ जाऊन बघा.